धुळ्याचा, जळगावचा आणि मधली रेघ

प्रोटियस चालतो. वर्गात पहिल्या तासाला मी हे वाक्य टाकायचे आणि पोरं हसायची. जिवाणू म्हणजे एका जागी पडून अन्न नासवणारी वस्तू, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं. मग मी प्लेट पुढे करायचे. काचेच्या बशीत जिवाणूंचं खाद्य घालून गोठवलेल्या अगरचा थर, त्याच्या मधोमध आदल्या दिवशी टेकवलेला एक ठिपका, आणि सकाळी बघावं तर त्या ठिपक्यानं सगळी बशी व्यापलेली. एकाबाहेर एक गोल वर्तुळं. पुढे सरकायचं, थांबायचं, दम खायचा, पुन्हा सरकायचं, ही त्याची रीत. थांबला तिथे कडा उमटते. झाकण उघडलं की सडक्या मासळीचा वास यायचा आणि पुढच्या बाकावरच्या मुली नाकाला ओढणी लावायच्या.

एकटा प्रोटियस चालत नाही. पृष्ठभागावर गर्दी झाली की तो अंगानं लांबतो, त्याला भाराभर शेपट्या फुटतात आणि शेजारच्याच्या अंगाला अंग लावून सगळे मिळून तराफ्यासारखे सरकतात. थव्यातून एखादा बाजूला पडला की तो जागच्या जागी वळवळत बसतो. चालायला शेजारी आपला माणूस लागतो.

"आणि मॅडम, समोरून दुसरा आला तर?" असं कुणीतरी विचारायचंच.

समोरून आलेला त्याच वाणाचा असेल तर दोघं एकमेकांत मिसळून जातात. कुठे सांधा दिसत नाही. वाण वेगळा असेल तर दोघांच्या मध्ये एक रेघ राहते. अंगाला अंग लागलं की हे एकमेकांना टोचतात. त्यांच्याकडे सुईसारखं एक अवजार असतं आणि त्यातून विष जातं. आपल्या वाणातल्याला त्या विषावरचा उतारा जन्मापासून मिळालेला असतो, म्हणून त्याला टोचलं तरी काही होत नाही. परका मरतो.

हे मी जळगावातल्या एका कॉलेजात शिकवलं. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला की मोबदला, सुट्टी लागली की घरी. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि दर वर्षी विभागप्रमुख म्हणायचे, "पुढच्या वेळी जागा निघाली की ती तुझीच. विभाग तूच तर चालवतेस." ते खोटं नव्हतं. विभाग मीच चालवायचे.

माझे वडील पिंजारी. शिंदखेड्याकडच्या खेड्यांतून खांद्यावर पिंजण घेऊन फिरायचे, लोकांच्या गाद्या उसवून कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचे. नंतर धुळ्यात आले, गल्लीत छोटं दुकान घातलं, मशीन घेतलं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. पुढे गेले ती एम.एस्सी. करूनच थांबले, आणि वर्गात पहिली आले. हे मी मिरवून सांगते. मिरवण्यासारखंच आहे.

बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला टेस्ट ट्यूबला कापसाचे बोळे करून लावायचे होते. बोळा घट्ट हवा, पण हवा जाण्याइतका सैल हवा, आणि ओढल्यावर आकार तसाच राहायला हवा. पोरापोरींचे बोळे सुटून येत होते. माझा हात सरावलेला. सरांनी माझी ट्यूब उचलून वर्गाला दाखवली. मागून एकजण म्हणाला, "सर, तिचं खानदानीच काम आहे ते." सगळे हसले. सरही हसले. मी पुढचा बोळा केला.

कापसाच्या घरात वाढल्यामुळे मला अजून एक गोष्ट कळत होती. आमच्याकडे कूलर कधी आला नाही. धुळ्याच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, अख्खी गल्ली कूलरसमोर पडलेली असायची आणि आम्ही घामानं निथळत बसायचो. कूलरच्या खोलीत सगळं ओलसर होतं. डब्याबाहेर राहिलेला पापड मऊ पडतो, काडेपेटी पेटत नाही, आणि कापूस जड होऊन बसतो, कितीही पिंजा, फुलत नाही. आईनं एकदा हट्ट धरला होता. अब्बा म्हणाले, "कूलर लाव नाहीतर कापूस लाव. दोन्ही कसं व्हई?" त्यावर आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. कूलर मात्र आला नाही.

एका उन्हाळ्यात अखेर जागा निघाली. विभागात एकच, कायमची. अर्ज पुष्कळ आले असतील, पण विभागातले उमेदवार दोन. एक मी. दुसरा आदल्याच वर्षी तासिकेवर आलेला, संस्थेच्या एका संचालकाच्या बहिणीचा मुलगा. मुलगा वाईट नव्हता. गोड बोलायचा. मला ताई म्हणायचा. "ताई, हे ऑटोक्लेव्ह लावून द्याल का?", "ताई, तेवढे दोन तास बघाल का, मामांकडे कार्यक्रम आहे." मी बघायचे.

मुलाखतीआधी कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, मनात आलं की समितीला काहीतरी डोळ्यांत भरेल असं दाखवावं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "ती तुझी रेघ दाखवू. दोन वेगळे प्रोटियस समोरासमोर सोड. एकदम छान दिसतं. आणि समितीनं नावाजलं तर मुलाखतीत मला बोलायला तोंड राहील." एवढं स्पष्ट ते कधी बोलले नव्हते. मला तेवढं पुरलं.

एक वाण कॉलेजातच होता. दुसरा मी धुळ्याहून आणला, माझी वर्गमैत्रीण तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती तिच्याकडून. सर त्यांना गमतीनं जळगावकर आणि धुळेकर म्हणायला लागले. "बघू, कोण कोणाला घुसू देतं," म्हणायचे. शिपाई नाना होते, मूळ धुळ्याचे, ते अहिराणीत म्हणाले, "सर, धुयाना पानी पेल शे तो. मांगे हटाव नही."

पण दोघंही जागचे हलेनात. बाहेर लू चाललेली, खिडकीची दांडी हाताला भाजायची, आणि प्लेट ओतून ठेवली की तासाभरात अगर वरून सुकायचा. प्रोटियसला सरकायला पाण्याचा अगदी पातळ पदर लागतो. तो नसला की ठिपका ठिपकाच राहतो. आठवडाभर रोज सकाळी मी इनक्युबेटर उघडायचे आणि आत दोन ठिपके, आदल्या दिवशी जिथे टेकवले तिथेच.

"कल्चर मेलं असेल," सर म्हणाले.

"मेलं नाही सर, वाळलंय."

मध्येच समितीसाठी म्हणून प्रयोगशाळेत नवा कूलर आला. लोखंडी, मोठा, खस लावलेला. त्याचा झोत सरळ आमच्या ओट्यावर यायचा. बर्नरची ज्योत आडवी व्हायची. संचालकांच्या त्या भाच्यानं थंडगार झोतातच प्लेटा ओतल्या, झाकणं तिरकी ठेवून निवू दिल्या. दुसऱ्या दिवशी प्लेटा चालल्या होत्या. चालल्या म्हणजे काय, वाहिल्या होत्या. वर पाणी सुटलेलं, त्यात दोन्ही वाण पोहत जाऊन एकमेकांत कालवलेले. वर्तुळं नाहीत, कडा नाही, रेघ नाही. बशीभर एक करडा चिखल.

सर खूश झाले. "बघ, चालले की नाही? कूलर लावल्याबरोबर चालले." मग वाकून बघत म्हणाले, "पण रेघ कुठंय? दोघं एकच वाण निघाले की काय?"

"वाण वेगळेच आहेत सर. पाणी जास्त झालंय. कूलरमुळे."

"कूलरचा काय संबंध? कूलर नव्हता तेव्हा तर हलतही नव्हते."

मी वाद घातला नाही. स्टोअर रूममध्ये कूलर नव्हता, पंखाही नव्हता. तिथे दार लावून प्लेटा ओतल्या. घामाचा थेंब प्लेटीत पडू नये म्हणून कपाळाला ओढणी बांधली. वरचं पाणी निघून जाईल इतपतच झाकणं तिरकी ठेवली, जास्त नाही. बोटाच्या टोकानं कडेला टेकवून बघायचे, चिकटही नको आणि निसरडंही नको. गादीत भरायच्या कापसाला हात लावून बघतात तसंच. मग इनक्युबेटरच्या तळाशी एका वाडग्यात पाणी ठेवलं, म्हणजे आतल्या आत हवा कोरडी पडायची नाही. दोन-तीन वेळा बिघडलं. एके सकाळी झाकण उचललं आणि समोर ती होती.

डावीकडून जळगावकर वर्तुळं काढत आलेला, उजवीकडून धुळेकर, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी रेघ, वरपासून खालपर्यंत. सुरीनं कापल्यासारखी. शेजारच्या प्लेटीत मी दोन्हीकडून धुळेकरच सोडला होता. तिथे दोघं भेटून एक झाले होते, कुठे भेटले तेही ओळखू येत नव्हतं. मी बराच वेळ दोन्ही प्लेटा हातात धरून खिडकीपाशी उभी होते. नाना म्हणाले, "व्हयनं का, अक्का?" मी म्हटलं, "व्हयनं."

भाचा आला, त्यानं मोबाईलवर फोटो काढले, चारी बाजूंनी. "ताई, भारी आलीय," म्हणाला. फोटो पाठवले, मला नाही, सरांना.

समितीच्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले होते. सरांनी दारातच गाठलं. "तू आत मीडिया रूममध्ये थांब जरा. तिथेही बघतील ते. इथे तो सांगेल, त्याचं इंग्रजी जरा मोकळं आहे." माझं इंग्रजी काय होतं ते सरांना ठाऊक होतं, त्यांचे स्वतःचे शोधनिबंध मीच सुधारून द्यायचे. पण मी आत, अगर शिजवायच्या त्या खोलीत गेले. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. सगळं ऐकू येत होतं.

भाच्यानं रेघ दाखवली. माझी वाक्यं माझ्याच क्रमानं बोलला, 'चालायला शेजारी आपला माणूस लागतो' इथपर्यंत सगळी. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "सुंदर. पण इतक्या कोरड्या हवेत तुम्ही हे चालवलं कसं?"

मग भाचा म्हणाला, "सर, आम्ही कूलर लावला."

"अच्छा. साधा उपाय. उत्तम," ते गृहस्थ म्हणाले, आणि बाकीचे हसले, कौतुकानं.

मीडिया रूमपर्यंत समिती आलीच नाही. जेवणाची वेळ झाली होती.

मुलाखत त्यानंतर झाली. टेबलापलीकडे बरीच माणसं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विषयातलं विचारलं, मी सगळं सांगितलं, एकही प्रश्न चुकला नाही. मग संस्थेचे वयस्क अध्यक्ष पुढे सरकले. आमच्या भागात कुणी नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात. मग घर, मग कुणाचे पाहुणे, कुणाचे सोयरे. कुठेतरी धागा लागेपर्यंत विचारत राहतात आणि धागा लागला की चहा मागवतात. मी लहानपणापासून बघत आलेय, आमच्या बाबतीत हा खेळ पहिल्याच पायरीवर थांबतो. नाव ऐकलं की पुढचं विचारायचं राहून जातं.

अध्यक्षांनी अर्जावरचं नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मराठी फार छान बोलता हो तुम्ही."

"माझीच भाषा आहे सर."

"तसं नाही, घरी काय बोलता?"

"घरी हिंदी. आणि वडील अहिराणी बोलतात. मूळ शिंदखेड्याकडचे आहेत."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं म्हणाले, "शिंदखेडा? अरे, मंग तू आपलीच शे ना, बेटा." टेबलाभोवतीचे सगळे हसले. सर सगळ्यात जास्त हसले, सुटका झाल्यासारखे. मीही हसले. आज आठवलं तर त्या हसण्याचाच राग जास्त येतो. क्षणभर मला खरंच वाटलं होतं की धागा लागला. त्यांनी माझ्यासाठी चहासुद्धा मागवला. मी तो प्याले.

जागा भाच्याला मिळाली.

सर मला जिन्यात भेटले. "माझ्या हातात असतं तर," ते म्हणाले. मग म्हणाले, "तासिका आहेतच की तुझ्या. तू विभाग सोडू नकोस." मी विचारलं, "सर, आत तुम्ही काय बोललात?" ते म्हणाले, "तिथे बोलायला कुठे वाव असतो." सर माणूस म्हणून वाईट नव्हते. माझ्या एम.एस्सी.च्या पुस्तकांवर अजून त्यांच्या अक्षरात त्यांचं नाव आहे; ती त्यांनीच दिली होती. पण थव्यात होते.

मी तासिकेचा पुढचा अर्ज केला नाही. धुळ्याला घरी आले आणि अब्बांना सगळं सांगितलं. ते गादीची कड शिवत होते. दाभण थांबवून त्यांनी ऐकलं. बाकी कशावर नाही, अध्यक्षांच्या त्या वाक्यावर ते अडकले.

"आपलीच शे म्हने?"

"हो."

"मंग जागा दिनी का नही?"

उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. दोरा दातानं तोडला आणि पुढचा टाका घातला. नंतर बरेच दिवस गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच त्यांना ते आठवायचं आणि ते मला हाक मारून विचारायचे, "कोन्या गावना व्हता तो म्हातारा?" त्यांना वाटायचं, गाव कळलं तर काहीतरी उलगडेल.

वाण देणारी ती मैत्रीण लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिच्या जागी मी त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. काम मन लावून करते. डॉक्टर मला विचारल्याशिवाय लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट सोडत नाहीत. पण इथे प्रोटियसचं कुणाला कौतुक नाही. इथे तो उपद्रव. नमुन्यात दुसरे जिवाणू असले तर हा सगळ्यांच्या अंगावरून चालत जातो आणि त्यांना झाकून टाकतो, मग खरा आजार कशाचा ते कळत नाही. म्हणून एक वेगळं माध्यम वापरतात, त्यावर त्याला पाऊल टाकता येत नाही. जिथे टेकवलं तिथेच गप्प वाढतो, साध्या गोल ठिपक्यासारखा, बाकीच्यांसारखा. रोज सकाळी मी झाकणं उघडते आणि सगळे आपापल्या जागी बसलेले असतात. आयुष्यभर ज्याला चालवायला शिकले त्याला आता बसवून ठेवायचे पैसे घेते.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. नंबर मी पुसला होता, पण आवाज ओळखला.

"ताई, कशा आहात? ओळखलं ना?"

"बोला."

"बोला काय ताई, मला बोला म्हणता? ताई, एक अडचण आलीय. विद्यापीठाकडून माणसं येतायत. मला ते रेघेचंच दाखवायचंय, सर म्हणाले तेच दाखव, मागे फार नावाजलं गेलं होतं. पण ताई, रेघ येतच नाही. सगळं एकमेकांत मिसळतंय. वाण तेच आहेत, तुम्ही ठेवून गेलात तेच, मी जपलेत. कूलरही लावलाय. दोन लावलेत या वेळी."

माझ्यासमोर लॅबची खिडकी होती; लॅब आमच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली गल्लीत अब्बांच्या दुकानाबाहेर एक नवी दुलई उन्हात घातलेली दिसत होती. मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. स्टोअर रूममध्ये जा, दार लाव, इनक्युबेटरमध्ये वाडगाभर पाणी ठेव. आणि पुढच्या आठवड्यात जळगावला कुणीतरी पुन्हा म्हणालं असतं, साधा उपाय, उत्तम.

"कूलर जोरात आहे ना?" मी विचारलं.

"हो ताई, एकदम."

"मग समितीला तुम्ही जे सांगितलं होतंत, तेच करा," मी म्हटलं. "ते सगळ्यांना पटलं होतं."

त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. "ताई, तुम्ही आपल्या विभागातल्याच ना," असं काहीसं म्हणाला. मी म्हटलं, नमुने आलेत, आणि फोन ठेवून दिला. नमुने खरंच आले होते.

एक गोष्ट मी वर्गात कधी नीट सांगितली नव्हती. पोरांना वाटायचं रेघ म्हणजे मधली मोकळी जमीन, दोघांनी समजुतीनं सोडलेली. तिथला कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ती मोकळी नसते. जे सगळ्यात पुढे चालत आले होते ते तिथे मेलेले दिसतात, गोल, फुगलेले, शेपट्या गेलेले. मागचे तिथेच थांबतात आणि मागे वळून आपापल्यात वाढत राहतात.

फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी विचारलं, "त्या नव्या नमुन्यात काय निघालं?"

"प्रोटियस," मी म्हटलं. "बसवून ठेवलाय."